बाहेर उणे दहा, घरात कढीपत्ता

घरात आणलेला कढीपत्ता हवेतल्या थंडीने क्वचितच मरतो. तो मरतो गार, ओल्या मातीने. न्यूजर्सी असो, टोरांटो असो की म्युनिक, घरातली हवा २० अंशांवर असते, माणसं टीशर्टवर वावरत असतात, आणि तरी डिसेंबर संपता संपता खिडकीतल्या कढीपत्त्याची पानं पिवळी पडून खाली सडा पडतो. मग हमखास दोन गोष्टी होतात. झाड सुकलं म्हणून आणखी पाणी घातलं जातं आणि झाड गारठलं म्हणून कुंडी रेडिएटरला टेकवली जाते. या दोन उपायांतून वाचलेलं झाड विरळाच.

खिडकीच्या कट्ट्यावरच्या कुंडीत एकदा थर्मामीटर खुपसून बघा. (स्वयंपाकघरातला सुईसारखा चालतो.) खोली २० अंशांवर असताना माती १२ अंश दाखवू शकते. काचेला लागून गार झालेली हवा खाली सरकते आणि नेमकी कुंडीवर बसते. कुंडी मातीची असेल तर तिच्या अंगातून बाष्पीभवन होत राहतं, त्याने आणखी एकदोन अंश जातात. वर पानं मात्र हीटरच्या कोरड्या हवेत असतात आणि पाणी सोडत राहतात. माती १५ अंशांच्या खाली गेली की उष्ण प्रदेशातल्या झाडांची मुळं पाणी ओढायला कुचराई करतात. म्हणजे खाली चिखल आणि वर तहान. झाड माना टाकतं, आपण पाणी घालतो, मुळं कुजतात.

निफाडला पारा ५-६ अंशांवर उतरतो तेव्हा द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकही सुरू करतात. विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा कोमट असतं, त्यामुळे मुळांशी ऊब राहते. फ्लॅटमधल्या चार कुंड्यांनाही हेच लागू आहे: हवा तापवत बसण्यापेक्षा मुळं सांभाळा.

दुसरी बाब उजेडाची. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवसही ११ तासांचा असतो. न्यूयॉर्कमध्ये तो सव्वानऊ तासांचा, लंडनमध्ये ८ तासांपेक्षाही कमी, आणि सूर्य इतका खालून जातो की समोरची इमारतच त्याला गिळून टाकते. अशा उजेडात झाडाला २५ अंशांची ऊब दिली तर ते वाढायचा प्रयत्न करतं, पण अन्न तयार होत नाही. लांब, बारीक, फिकट फूट येते आणि तिच्यावर पहिल्यांदा मावा चढतो. तेव्हा जेवढा उजेड देता येईल तेवढीच ऊब द्यायची. उजेड नसेल तर झाड १० ते १३ अंशांत जवळजवळ कोरडं ठेवून झोपू द्यावं. दिवे लावणार असाल तरच त्याला जागं ठेवावं. यांतलं काय करायचं ते ऑक्टोबरमध्येच ठरवा. अर्धवट जागं झाड सगळ्यात लवकर जातं.

कुणाला आत जागा द्यायची

जागा छोटी असेल तर सगळ्यांचे लाड करता येत नाहीत, आणि गरजही नसते.

हळद तर स्वतःहूनच झोपते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडली की पाणी बंद करा, वाळलेली पानं कापा आणि कुंडी तशीच १५ ते १८ अंशांच्या कपाटात सारा. उजेड लागत नाही. अळूचंही सोपं आहे. पहिल्या दवाने, म्हणजे हिमकणांच्या दवाने, पानं काळी पडायच्या आत ती ५ सेंटीमीटरवर कापा, कंद उपटा, आठवडाभर सावलीत सुकवा, माती झटका. मग खोक्यात कोरडं कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा पसरून त्यात कंद एकमेकांना न लागता ठेवा. १० ते १३ अंश पुरतात. तळघर असेल तर उत्तम. फ्रिजच्या ४ अंशांत मात्र ठेवू नका, कंद आतून काळवंडून सडतो. महिन्यातून एकदा दाबून बघा, मऊ लागेल तो काढून टाका. एकाची सड बाकीच्यांना लागते. गवती चहा १५ सेंटीमीटरवर छाटून सगळ्यात थंड, उजेडाच्या खिडकीत ५ ते १० अंशांवर ठेवला तरी तग धरतो.

मोगऱ्याला १२ ते १५ अंश आणि मिळेल तेवढं ऊन हवं. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून हिवाळ्यात पानं विरळ झाली तरी घाबरायचं कारण नाही. फेब्रुवारीअखेर एक तृतीयांश छाटणी केली की काम झालं. जास्वंदीला १३ अंशांच्या वर ठेवा. ती कुरकुर करत पानं गाळणारच.

तुळशीची गोष्ट वेगळी. १० अंशांच्या आसपास तिची पानं काळी पडायला लागतात. शिवाय मोठी, मंजिऱ्यांनी लदलेली, खोड लाकूड झालेली तुळस आत आणून तग धरत नाही. तिला वाचवण्यात जागा घालवू नका. ऑगस्टमध्ये मंजिरी नसलेले, १० सेंटीमीटरचे चारपाच शेंडे कापून खालची पानं काढून पाण्यात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत मुळं सुटतात. मग १० सेंटीमीटरच्या कुंडीत लावून थेट दिव्याखाली. नोव्हेंबरात तुळशीचं लग्न येईपर्यंत हातभर नाही तरी वीतभर, हिरवीगार नवरी तयार असते. मे महिन्यासाठी बीही धरून ठेवा.

नागवेलीला मात्र काचेचं बंद कपाटच हवं. १८ अंशांच्या खाली ती कुढते आणि ६० टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रतेत पानांच्या कडा करपतात. कढीपत्ता झोपणाऱ्या झाडांच्या आणि नागवेलीच्या मधला. दिव्याखाली तो हिवाळाभर पानं देतो, आणि दिवा नसेल तर ठूठ होऊन एप्रिलपर्यंत शांत बसतो. दोन्ही त्याला चालतं. ओली, गार माती तेवढी चालत नाही.

आत आणायच्या आधी

ऑगस्टच्या शेवटी नत्राची खतं बंद करा. कोवळी फूट घेऊन आत आलेलं झाड किडींना आमंत्रण असतं. रात्रीचं तापमान १३ अंशांच्या, म्हणजे ५५ फॅरनहाइटच्या, आसपास आलं की हालचाल सुरू करावी. १० अंशांची वाट बघत बसलं की एखादी रात्र ४ अंशांची निघते. आधी आठवडाभर कुंड्या बाहेरच पण सावलीत ठेवा, म्हणजे घरातल्या कमी उजेडाचा धक्का बसत नाही. कढीपत्ता उंच झाला असेल तर याच वेळी एक तृतीयांशाने छाटा. उतरलेली पानं धुऊन, पूर्ण कोरडी करून डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. कुंडी बदलायची वेळ ही नाही, ते वसंतात.

मग आंघोळ. कुंडीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी ओढून खोडाशी बांधा, कुंडी बाथटबमध्ये आडवी करा आणि कोमट पाण्याचा शॉवर पानांच्या खालच्या बाजूने मारा. कढीपत्त्यावर पहिल्यांदा बघायची ती खवले कीड. जून खोडावर आणि पानांच्या मधल्या देठावर तपकिरी, चपटे, लंबगोल ठिपके दिसतात. ते सालीचाच भाग वाटतात, पण नखाने रेटले की सुटून येतात आणि खाली ओलसर डाग राहतो. ज्या फांदीवर ते असतात तिच्या खालची पानं हाताला चिकट लागतात. मोगऱ्यावर लाल कोळी शोधायचा. पांढऱ्या कागदावर फांदी झटका आणि अर्धा मिनिट थांबा. धुळीचे कण चालायला लागले तर तो कोळी. बोटाने घासल्यावर तांबूस रेघ उमटते.

फवारणीसाठी १ लिटर कोमट पाण्यात आधी २ मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळा आणि मग ५ मिलिलिटर निंबोळी तेल घालून जोरात हलवा. उलट क्रमाने केलंत तर तेल वर तरंगतं आणि पहिल्या दोन पानांवर सगळं तेल, बाकीच्यांवर नुसतं पाणी असा प्रकार होतो. निंबोळी तेल थंडीत तुपासारखं थिजतं, बाटली गरम पाण्यात धरून पातळ करून घ्या. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालून, दर ७ दिवसांनी, तीन वेळा. एका फवारणीने जिवंत कीड मरते, अंडी राहतात. ‘एकदा मारलं होतं’ म्हणणाऱ्यांच्या घरी जानेवारीत पुन्हा कीड निघते ती यामुळेच. फवारलेली पानं दोन आठवडे तरी फोडणीत नकोत.

मंडळाच्या कार्यक्रमात हातोहात मिळालेलं रोप पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. अमेरिकेत असाल तर आणखी एक लक्षात घ्या. कढीपत्ता हा संत्र्या-लिंबाच्या कुळातला, आणि लिंबूवर्गीय झाडांचा घातक ग्रीनिंग रोग पसरवणारा सिला नावाचा किडा त्याच्या कोवळ्या फुटीवर वाढतो. फ्लोरिडामध्ये हा रोग २००५ मध्ये आढळला, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये. त्यामुळे अशा राज्यांतून रोप दुसऱ्या राज्यात न्यायला किंवा पाठवायला निर्बंध आहेत. मावशीच्या अंगणातलं रोप गाडीत घालून आणण्याआधी नियम तपासा.

रॅक आणि ऊब

बाजारात चार फळ्यांचा, पारदर्शक प्लास्टिकचं झाकण असलेला मिनी ग्रीनहाऊस मिळतो, साधारण ७० × ५० × १६० सेंटीमीटर. घरात वापरायला तो पुरेसा आहे. फळ्या जाळीच्या असतात. एक फळी काढून टाका, म्हणजे कढीपत्त्याला उंची मिळते. आयकियाची मिल्सबोसारखी काचेची कपाटं दिवाणखान्यात शोभतात खरी, पण ती नागवेलीसाठी. कढीपत्ता तिथे वर्षभरात छताला डोकं टेकवतो.

आता उबेचा हिशोब, कारण पैसे इथेच वाया जातात. या मापाच्या रॅकचं सगळीकडून मिळून पृष्ठफळ साडेचार चौरस मीटर भरतं. पातळ प्लास्टिकच्या एका थरातून, फटींसकट, दर अंशामागे साधारण २० वॅट उष्णता निसटते. आत ४० वॅटचे दिवे आणि कुंड्यांखाली २० वॅटची हीटिंग मॅट असेल तर ६० वॅट, म्हणजे रॅक खोलीपेक्षा ३ अंश उबदार. खोली १८ अंशांवर असेल तर आत २१. झालं की काम! वेगळ्या हीटरची गरजच काय?

हाच रॅक २ अंशांच्या गॅरेजमध्ये ठेवून आत १४ अंश हवे असतील तर सतत २४० वॅट लागतील, दिवसाला पावणेसहा युनिट, महिन्याला १७० च्या पुढे. आतून बबल रॅपचा एक थर लावला तर तोटा तिसऱ्या हिश्शाने किंवा थोडा जास्त कमी होतो, तरीही बिल दुखतंच. गॅरेज, बंद बाल्कनी, पोर्च या जागा झोपलेल्या झाडांसाठी ठेवा आणि जागी झाडं राहत्या खोलीत घ्या, भले एकच फळी मिळो.

मॅट म्हणजे बियांची रोपं करायला वापरतात ती, २५ × ५० सेंटीमीटरची, २० वॅटच्या आसपासची. ती थेट जाळीवर टाकली तर निम्मी ऊब खाली जाते, म्हणून खाली २ सेंटीमीटरची थर्मोकोलसारखी इन्सुलेशनची फळी घाला. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका. त्याचा सेन्सर मॅटवर चिकटवायचा नाही, मधल्या कुंडीच्या मातीत ५ सेंटीमीटर खोल खुपसायचा आणि वायर कुंडीच्या काठाला टेपने पक्की करायची. कारण? पाणी घालताना सेन्सर उपटला गेला की तो हवेचं तापमान मोजतो, मॅट थांबतच नाही, आणि कुंडीच्या तळाशी ३५ अंशांवर मुळं शिजतात. वरून काहीच दिसत नाही. थर्मोस्टॅट २१ अंशांवर ठेवा, झोपलेल्या झाडांसाठी १४. मोठ्या कुंडीत मॅटची ऊब तळच्या १०-१२ सेंटीमीटरपर्यंतच पोचते, ते पुरतं. चिनी मातीची जाड बशी मध्ये असेल तर पोचत नाही.

दिव्यांच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा बघू नका. ‘१०० वॅट समतुल्य’ लिहिलेला दिवा प्रत्यक्षात १०-१५ वॅट ओढतो. या रॅकच्या एका फळीला प्रत्यक्ष ३० ते ४० वॅटच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या हव्यात, पानांपासून २० ते ३० सेंटीमीटरवर. ४००० ते ५००० केल्विनचा साधा पांढरा उजेड चालतो, जांभळ्या दिव्यांची गरज नाही. त्यांच्याखाली झाडाचं पिवळेपण आणि कीड दिसत नाही, हा तोटाच. टायमरवर १२ तास. रात्री अंधार हवाच. ४० वॅटचे दिवे १२ तास आणि मॅट निम्मा वेळ, असं धरलं तर दिवसाला पाऊण युनिटच्या आत भागतं.

विजेच्या वायरी आधी खाली लोंबू द्या आणि मग वर सॉकेटकडे न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटात जाण्याऐवजी खालच्या वळणावरून टपकतं. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर न ठेवता रॅकच्या वरच्या बाजूला बाहेरून बांधा, आणि वीजगळतीला ट्रिप होणारं सॉकेट वापरा. रॅकमध्ये रूम हीटर ठेवायचा नाही, पणत्या-मेणबत्त्यांवर उलटी कुंडी ठेवून केलेले ‘देशी हीटर’ तर अजिबात नाहीत. आगीचा धोका आहेच. शिवाय अर्धवट जळण्यातून इथिलीन वायू निघतो आणि बंद जागेत त्याने पानं गळतात. याच कारणासाठी सफरचंदांची आणि पिकल्या केळ्यांची टोपलीही रॅकशेजारी नको.

दमटपणा आणि वारा

बाहेर उणे ५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असलेली हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उरते. भात, आमटी, आंघोळीची वाफ मिळून ती २५-३० पर्यंत चढते. लाल कोळ्याला अशी कोरडी ऊब फार मानवते. पानांवर दिवसातून दोनदा पाण्याचे फवारे मारणं हा लाडका उपाय, पण त्याने दहा मिनिटांपलीकडे फरक पडत नाही. झाकलेला रॅक हाच खरा उपाय. कुंड्यांतल्या बाष्पावरच आत ५५-६५ टक्के टिकतात.

पण मग उलटा त्रास सुरू होतो. आत २२ अंश आणि ८० टक्के असतील तर १८ अंशांवर दव धरतं, आणि खिडकीकडची बाजू त्याहून गार असते. प्लास्टिकवर थेंब, थेंबांतून पानांवर करडी बुरशी. म्हणून संगणकातला १२ सेंटीमीटरचा पंखा मंद गतीने सतत चालू ठेवा, तोंड भिंतीकडे करून, पानं नुसती हलतील इतपत. दिवे लागलेले असताना झाकणाची झिप वरून हातभर उघडी ठेवा, रात्री बंद करा. रोज सकाळी थेंब दिसत असतील तर पाणी जास्त होतंय.

पाणी

हिवाळ्यातलं पाणी वार ठरवून घालायचं नसतं. कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावरचं वजन एकदा हाताला कळलं की पुढे बोट घालायचीही गरज नाही. २० सेंटीमीटरच्या कुंडीतला दिव्याखालचा जागा कढीपत्ता आठ-दहा दिवसांनी अर्धा-पाऊण लिटर पितो. खालून निथळेपर्यंत द्यावं आणि बशीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावं. तेच झाड झोपलेलं असेल तर दोन-तीन आठवड्यांनी कपभर, मुळं पूर्ण वाळू नयेत एवढंच. नळाचं पाणी जानेवारीत ५-६ अंशांचं असतं. त्यात गरम मिसळून कोमट करूनच घाला, नाहीतर मॅटने दिवसभर केलेलं काम एका तांब्यात वाहून जातं.

आंबट ताक घालायची आपली जुनी सवय अंगणातल्या कढीपत्त्यासाठी ठीक. बंद रॅकमध्ये त्याला वास सुटतो आणि मातीवर बारीक काळी चिलटं घोंगावतात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. लंडन, म्युनिकसारख्या जड पाण्याच्या शहरांत हे नेहमीचं, कारण चुन्यामुळे मातीतलं लोह मुळांना मिळत नाही. अशा वेळी ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह पाकिटावरच्या मात्रेने द्या. साधं फेरस सल्फेट चुनखडी मातीत पटकन निकामी होतं. लोह द्यायच्या आधी मातीचं तापमान मात्र तपासा. गारठलेल्या मुळांचं झाडही असंच पिवळं दिसतं आणि त्याला खत घालून काही होत नाही.

चिलटं झालीच तर वरची ३ सेंटीमीटर माती पूर्ण वाळू द्या, पिवळे चिकट कागद लावा. अळ्यांसाठी बीटीआय जिवाणूचं औषध. अमेरिकेत मॉस्किटो बिट्स नावाने मिळतं, ४ मोठे चमचे ४ लिटर पाण्यात अर्धा तास भिजवून, गाळून ते पाणी तीन-चार आठवडे नेहमीच्या पाण्याऐवजी घाला.

डिसेंबरात भारतात जाणार असाल

तीन-चार आठवडे घर बंद, घराचा थर्मोस्टॅट १३ अंशांवर, असा बहुतेकांचा बेत असतो. जायच्या दोन आठवडे आधीपासून दिवे १२ तासांवरून ९ वर आणा, पाणी कमी करा, मॅटचा थर्मोस्टॅट १६ वर. निघायच्या तीन दिवस आधी शेवटचं पाणी, म्हणजे जादा निथळून गेलेलं दिसतं. बशा कोरड्या. पंखा चालूच ठेवा. नागवेलीवर मोठी पारदर्शक पिशवी घाला, तीन काड्या रोवून, पानांना टेकणार नाही अशी. ठिबकचे स्वयंचलित खेळ या काळासाठी नकोत. बिघडले तर ते पाणी सोडतच राहतात. आणि शेजाऱ्याला किल्ली देताना ‘पाणी घाल’ सांगू नका, ‘फोटो काढून पाठव’ एवढंच सांगा. चांगल्या मनाचा शेजारी आठवड्यात तीनदा पाणी घालतो.

वीज गेली तर, फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये दिवसेंदिवस नव्हती तशी, रॅकवर गोधड्या टाका आणि आत ५० अंशांच्या पाण्याने भरलेल्या २ लिटरच्या बाटल्या ठेवा. अशी एक बाटली १५ अंशांपर्यंत निवताना ८० वॅट-तास ऊब सोडते. चार बाटल्या आणि दोन गोधड्या यांवर रात्रीचे चार-पाच तास निघतात, मग पुन्हा भरायच्या. मॅटचा प्लग काढून ठेवा. अंधाराची चिंता नको, दोन-तीन दिवस उजेड नसला तरी झाडाचं काही बिघडत नाही.

फेब्रुवारी ते मे

फेब्रुवारीत दिवस मोठा होऊ लागला की नवी फूट दिसते. तेव्हापासून महिन्यातून एकदा अर्ध्या मात्रेचं द्रव खत चालेल. मार्चअखेर अळूचे कंद आणि हळद मॅटवर २५ अंशांवर ठेवली तर मे महिन्यात बाहेर जायला कोंब तयार असतात.

रात्री सलग आठवडाभर १२ अंशांच्या वर राहिल्याशिवाय कुंड्या बाहेर काढू नका. शिकागोत हे मेच्या शेवटी, न्यूजर्सीत थोडं आधी. पहिले दोन दिवस पूर्ण सावलीत तासभर, मग सकाळचं कोवळं ऊन, असं करत दहा दिवसांत पूर्ण उन्हात. दिव्याखाली वाढलेली पानं एकदम उन्हात ठेवली तर दुपारपर्यंत पांढरे चट्टे पडतात आणि ते बरे होत नाहीत, ती पानं जातात.

निष्पर्ण काठी होऊन राहिलेला कढीपत्ता जूनपर्यंत टाकून देऊ नका. नखाने साल जरा खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर आणखी १० सेंटीमीटर खाली खरवडा. हिरवं लागेल त्याच्या वर बोटभर अंतरावर कापा. अगदी बुंध्यापर्यंत वाळला असला तरी मुळं शाबूत असतील तर मातीतून नवे धुमारे येतात. त्यांतले जोमदार दोन ठेवा, बाकीचे वीतभर झाले की मुळासकट वेगळे करून छोट्या कुंड्यांत लावा.